गावाची लोकसंख्या आणि गावाची वाट: सरकारी आकडे वाचायचे कसे?

भारतातल्या कोणत्याही गावाविषयी सरकारी नोंदींत दोन गोष्टी हमखास सापडतात. गावात माणसे किती, ही पहिली. आणि गावापर्यंत पोहोचण्याची सोय काय, ही दुसरी. जनगणनेनंतर प्रसिद्ध होणाऱ्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाला एक ओळ मिळते आणि त्या ओळीत कुटुंबे, पुरुष, स्त्रिया, लहान मुले, साक्षर, कामकरी हे सगळे आकडे ओळीने मांडलेले असतात; त्याच पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात गावात एसटी येते का, रस्ता डांबरी आहे का, जवळचे रेल्वे स्थानक आणि जवळचे शहर किती दूर आहे, हे नोंदवलेले असते. ग्रामपंचायतीत सदस्य किती असावेत, आरोग्य उपकेंद्र कोठे व्हावे, कोणत्या वस्तीला रस्ता आधी मिळावा, असे अनेक निर्णय या आकड्यांवरून होतात. पण या ओळीत ज्याला गाव म्हटलेले असते ते महसूल खात्याचे गाव असते, आणि माणसे मात्र वाड्यांवर, वस्त्यांवर, तांड्यांवर आणि पाड्यांवर राहतात. कागदावर ‘लोकसंख्या १,२०० आणि बससेवा उपलब्ध’ असलेल्या गावातली आजी दवाखान्यात जाण्यासाठी तासभर का चालते, हा प्रश्न बहुतेक वेळा या तफावतीतून निर्माण होतो.

मोजले जाणारे गाव

जनगणना ज्या घटकाला गाव मानते तो घटक म्हणजे महसुली गाव, म्हणजेच ज्याची हद्द ठरलेली आहे, ज्याचा स्वतंत्र नकाशा आहे आणि ज्याच्या जमिनींचे सातबारा त्या गावाच्या नावाने निघतात असे क्षेत्र. त्या हद्दीत घरे असलीच पाहिजेत अशी अट नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ६ लाख ४१ हजार गावे नोंदली गेली, पण त्यांपैकी वस्ती असलेली गावे ५ लाख ९७ हजारांच्या घरात होती. महाराष्ट्रात सुमारे ४३,६०० महसुली गावांपैकी वस्तीची गावे ४१ हजारांच्या आसपास निघाली. उरलेल्या गावांना महसुली कागदपत्रांत बेचिराख गावे म्हणतात. तेथे गटनंबर असतात, शेती असते, कधी एखादे देऊळही असते, पण चूल पेटत नाही. तेव्हा ‘लोकसंख्या शून्य’ असे वाचून कोणी ती टंकनदोषाची नोंद समजू नये.

ग्रामपंचायत ही वेगळी गोष्ट आहे. राज्यात ग्रामपंचायतींची संख्या सुमारे २८ हजार आहे, म्हणजे महसुली गावांपेक्षा बरीच कमी, कारण लहान लहान गावे मिळून एक गट ग्रामपंचायत होते. त्यामुळे एखाद्या लेखात ‘गावाची लोकसंख्या’ दिली असेल, तर ती महसुली गावाची आहे की गट ग्रामपंचायतीची आहे, हे प्रथम पाहावे लागते. दोन आकडे दुपटीने वेगळे निघाले तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

याच्या उलट, एकाच महसुली गावात अनेक वस्त्या असणे हे कोकणात तर नेहमीचेच. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातले एक गाव म्हणजे डोंगरउतारावर, खाडीकाठी आणि सड्यावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या, आणि पहिल्या वाडीपासून शेवटच्या वाडीपर्यंत तीन-चार किलोमीटरची पायवाट, मध्ये पावसाळ्यात भरून वाहणारा एखादा पऱ्या. मराठवाड्यात आणि पश्चिम विदर्भात तांडे, पूर्व विदर्भात टोले, पालघर-नंदुरबारकडे पाडे, देशावर मळे आणि वस्त्या, असे नाव बदलते. जनगणनेच्या ओळीत या सगळ्यांची बेरीज एका आकड्यात येते आणि बससेवेच्या रकान्यात एकच ‘होय’ किंवा ‘नाही’ उरते.

येथे एक छोटा अपवादही लक्षात ठेवावा. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटी पूर्ण करणारे गाव जनगणनेत नगर म्हणून मोजले जाते. त्याचा कारभार मात्र ग्रामपंचायतच पाहत राहते. मोठ्या शहरांच्या कडेला असलेली अनेक गावे अशी दुहेरी आयुष्ये जगत आहेत.

कोणाला मोजले, कधी मोजले

२०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, ठरला १ मार्च २०११ च्या मध्यरात्रीचा. मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत प्रगणकांनी पुन्हा फेरी मारून दरम्यान झालेले जन्म आणि मृत्यू जमेस धरले. जी व्यक्ती ९ ते २८ फेब्रुवारी या संपूर्ण काळात गावाबाहेर होती ती गावच्या घरात मोजली गेली नाही; ती जेथे होती तेथे मोजली गेली. हा नियम वाचायला साधा आहे, परंतु महाराष्ट्रातल्या काही भागांत त्याचा परिणाम मोठा होतो.

बीड जिल्ह्याचे आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांचे उदाहरण घ्या. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ऊसतोड करणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात फडावर राहतात. फेब्रुवारी हा ऐन हंगाम. म्हणजे ज्या गावातून पन्नास कोयते बाहेर पडले आहेत (एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी), त्या गावाच्या लोकसंख्येत ती माणसे मोजली जात नाहीत, आणि ज्या गावाच्या शिवारात त्यांच्या खोप्या पडल्या आहेत त्या गावाची लोकसंख्या तेवढ्यापुरती फुगते. जूनमध्ये पेरणीच्या वेळी मूळ गावी गेलात तर तेथे जनगणनेच्या आकड्यापेक्षा जास्त माणसे भेटतील. रेशन, शाळा आणि पाणी ज्यांना लागते ती माणसे वर्षातले सहा-सात महिने याच गावात असतात, तरी आकडा त्यांच्याविना ठरलेला असतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाची लोकसंख्या सांगताना ती फेब्रुवारीतली आहे हे सांगणे बंधनकारकच असायला हवे.

कोकणात परिस्थिती वेगळी आहे. तेथला चाकरमानी हंगामापुरता बाहेर जात नाही, तो वर्षभर मुंबईत किंवा पुण्यात असतो आणि गणपतीला, शिमग्याला व मे महिन्यात गावी येतो. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या वाढून ११ कोटी २३ लाखांवर गेली असताना हे दोन जिल्हे आकसले. गंमत अशी, की ज्या मुंबईत ही माणसे जातात त्या मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या याच दशकात घटली; वाढ झाली ती उपनगरांत आणि ठाण्यात.

आकड्यांच्या आतले आकडे

गावाच्या ओळीतले इतर रकाने वाचण्यासाठी थोडे गणित लागते. एक काल्पनिक गाव घेऊ, म्हणजे कोणत्याही खऱ्या गावावर अन्याय होणार नाही. समजा, या गावात ३१० कुटुंबे आणि १,२४० माणसे आहेत. त्यांपैकी ५८० पुरुष व ६६० स्त्रिया. शून्य ते सहा वयोगटातली मुले १४०. आणि साक्षर माणसे ८८०.

साक्षरतेचा दर काढताना बहुतेक जण ८८० ला १,२४० ने भागतात आणि ७१ टक्के उत्तर काढतात. ते उत्तर चुकीचे आहे. जनगणनेत साक्षरता सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या माणसांमध्येच मोजली जाते, कारण पाळण्यातल्या बाळाला निरक्षर म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून १,२४० मधून १४० वजा करावे लागतात आणि उरलेल्या १,१०० मध्ये ८८० म्हणजे ८० टक्के. ज्या गावात लहान मुले जास्त, त्या गावात या दोन उत्तरांतला फरक अधिक.

लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. आपल्या गावात ६६० ला ५८० ने भागून हजाराने गुणले की १,१३८ येतात. असा आकडा पाहून ‘येथे मुलींचे स्वागत होते’ असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या, आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. या दोन आकड्यांचा अर्थ एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही, कारण रत्नागिरीत जे पुरुष कमी आहेत त्यांतले बरेचसे मुंबईच्या आकड्यात जमा झालेले आहेत. खात्री करून घ्यायची असेल तर शून्य ते सहा वयोगटातले गुणोत्तर पाहावे. मुले नोकरीसाठी स्थलांतर करत नाहीत, आणि त्या वयोगटात रत्नागिरीचा आकडासुद्धा हजाराच्या खालीच आहे. थोडक्यात, एकूण गुणोत्तर स्थलांतराविषयी बोलते आणि मुलांचे गुणोत्तर जन्माविषयी.

कामकऱ्यांच्या रकान्यांत सहा महिने किंवा अधिक काम मिळालेल्यांना मुख्य कामकरी आणि त्याहून कमी काम मिळालेल्यांना सीमांतिक कामकरी म्हणतात. ज्या गावात सीमांतिक कामकऱ्यांचे प्रमाण मोठे दिसते तेथे पावसाळ्यानंतर काम नाही, आणि जेथे पावसाळ्यानंतर काम नाही तेथून माणसे बाहेर पडतात. बाहेर पडण्यासाठी वाट लागते, म्हणून आता वाटेकडे वळू.

रस्ता कोणाचा

गावापर्यंत येणारा प्रत्येक रस्ता कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि खड्डा कोणी बुजवायचा हे त्या मालकीवर ठरते. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात एकत्र जमले आणि त्यांनी आखलेल्या योजनेत रस्त्यांची जी वर्गवारी ठरली ती थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. फलकावर आणि फायलीत यांची रूपे प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी दिसतात.

जिल्हा परिषदेकडे रस्त्यांची लांबी जास्त आणि पैसा कमी, त्यामुळे ‘आमच्या रस्त्याची दर्जोन्नती करा’ ही ग्रामसभांमधली जुनी मागणी आहे. इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग झाला की तो बांधकाम विभागाकडे जातो आणि निधी मिळण्याची शक्यता वाढते. ज्या रस्त्याला क्रमांकच नाही, म्हणजे जो रस्ते विकास योजनेच्या यादीत नाही, त्याची अवस्था सर्वांत कठीण. माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून चालत असतात, पण कागदावर तो रस्ताच नसतो. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीचेही तसेच होते. पाणंद गावनकाशावर दाखवलेली असेल आणि कोणी अडवली असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली अर्ज करावा लागतो.

केंद्राची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, आणि तिने एक महत्त्वाची गोष्ट केली. तिने महसुली गावाऐवजी वस्ती हा घटक धरला. सपाट प्रदेशात ५०० किंवा अधिक आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागांत २५० किंवा अधिक लोकसंख्येची, रस्त्याने न जोडलेली वस्ती या योजनेत बसते. न जोडलेली म्हणजे बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर, आणि डोंगरी भागात चालण्याच्या वाटेने दीड किलोमीटर दूर असलेली. लोकसंख्या धरताना ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्या एकत्र मोजता येतात. बारमाही रस्त्याची व्याख्याही वाचण्यासारखी आहे: तो वर्षाच्या सर्व ऋतूंत वापरता आला पाहिजे, ओढ्या-नाल्यांवर मोऱ्या किंवा पूल असले पाहिजेत, पण तो डांबरी असलाच पाहिजे असे नाही. म्हणून ‘गाव बारमाही रस्त्याने जोडले आहे’ या वाक्यावरून गुळगुळीत डांबराचे चित्र डोळ्यांसमोर आणू नये.

आता या मर्यादा सह्याद्रीच्या उतारावरच्या वाडीला लावून पाहा. पन्नास घरांच्या वाडीत माणसे दोनशेच्या आसपास, म्हणजे ती दोन्ही मर्यादांच्या खाली. शेजारची वाडी पऱ्याच्या पलीकडे, हवाई अंतर ५०० मीटरपेक्षा थोडे जास्त, म्हणून दोघींची बेरीजही होत नाही. गावठाण मात्र रस्त्याने जोडलेले, त्यामुळे गावाच्या ओळीत ‘जोडलेले’ असे लिहिलेले. अशा ठिकाणी कोकणात साकव, म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल, बांधतात. पूर्वी झाडाचे खोड टाकून होत असे, आता सिमेंटचा होतो, आणि त्यासाठी जिल्हा नियोजनातून निधी मिळतो. साकवावरून गाडी जात नाही. माणूस जातो, डोक्यावरचा भारा जातो आणि दप्तर पाठीला लावलेली पोरे जातात. पावसाळ्यात शाळा बुडते की नाही हे अशा वाडीत साकवावर ठरते, परंतु जनगणनेच्या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र रकाना नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला असून त्यात २५,००० वस्त्यांना जोडण्यासाठी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट आहे. या टप्प्यात लोकसंख्या धरली जाते ती २०११ ची. आधीच्या टप्प्यांत २००१ ची धरली जात होती, त्या मानाने ही सुधारणा म्हणायची. पण २०११ मध्ये ४८० असलेली आणि आज साडेपाचशे झालेली वस्ती सपाट प्रदेशात असेल, तर ती अजूनही बाहेरच राहते.

‘बससेवा उपलब्ध’ म्हणजे नेमके काय

जिल्हा जनगणना पुस्तिकेत सोय गावातच असेल तर तसे नोंदवतात आणि नसेल तर अंतराचा पट्टा देतात: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटर, किंवा १० किलोमीटरपेक्षा अधिक. या पट्ट्यांत पहिला पट्टा सर्वांत फसवा आहे. अर्धा किलोमीटर आणि साडेचार किलोमीटर यांना एकच खूण मिळते, आणि साडेचार किलोमीटर चढणीचे असतील तर शहरातल्या माणसाला ते अंतर कळणारही नाही.

महाराष्ट्रात गावाची बस म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि पुढे ‘रस्ता तिथे एसटी’ हे ब्रीद झाले. पण एसटी येणे याचे अनेक प्रकार आहेत. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. चालक-वाहकांची झोपण्याची सोय ग्रामपंचायत किंवा शाळा करते. अशा गावातला माणूस सकाळी तालुक्याच्या कचेरीत पोहोचून संध्याकाळी परत येऊ शकतो. दुसऱ्या गावात दुपारी बाराला एक फेरी येते आणि वळून परत जाते. ती ना कॉलेजच्या पोरांच्या उपयोगाची, ना दवाखान्याच्या वेळेची. तिसऱ्या गावात गाडी येतच नाही, फाट्यावरून जाते. जनगणनेच्या रकान्यात पहिली दोन गावे सारखीच दिसतात.

फाटा ही ग्रामीण वाहतुकीतली खरी जागा आहे. मुख्य रस्त्यावरून गावाकडे रस्ता जेथे फुटतो तेथे एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला, झाडाखाली उभ्या मोटरसायकली आणि आमदार निधीतून बांधलेला, बहुधा पत्रे उडालेला निवारा असतो. फाट्यावर साधी गाडी थांबते, लांब पल्ल्याची जलद गाडी थांबत नाही. तेथून गावापर्यंतचे तीन-चार किलोमीटर वडापने, टमटमने किंवा कोणाच्या तरी मागे बसून काटायचे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात तीच गाडी विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी. तिचे वेळापत्रक एकच असते, ते म्हणजे भरली की निघणार. आठवडी बाजाराच्या दिवशी ती दहा मिनिटांत भरते आणि इतर दिवशी दुपारी एक-दीड तास उभी राहते. सांजवेळ झाली की ती बंद होते, आणि त्यानंतर फाट्यावर उतरलेल्या बाईमाणसाने काय करायचे, हे कोणत्याही तक्त्यात नसते.

गाडी गावात का येत नाही, याची कारणे बहुतेक वेळा अगदी व्यवहारी असतात. रस्त्याची रुंदी पुरेशी आहे का, साइडपट्टी खचलेली आहे का, वळणावर मोठी गाडी बसते का, पुलाला कठडे आहेत का, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागा आहे का, हे आगाराचे अधिकारी पाहणी करून ठरवतात. ग्रामसडक योजनेतला रस्ता साधारण ३.७५ मीटर रुंद, आणि वर्दळ फारच कमी असेल तेथे ३ मीटरच. समोरून उसाची ट्रॉली आली तर एकाने साइडपट्टीवर उतरणे भाग असते. गाडी वळवण्यापुरती दोन-तीन गुंठे जागा कोणी देत नाही म्हणून रखडलेल्या फेऱ्या राज्यभर सापडतील.

दुसरे कारण भारमानाचे. बसच्या आसनक्षमतेच्या किती टक्के प्रवासी मिळाले, याला एसटीत भारमान म्हणतात, आणि प्रत्येक किलोमीटरमागे उत्पन्न किती, हा त्याच्या जोडीचा हिशेब. लोकसंख्या आणि वाहतूक एकमेकांना धरून कशा खाली येतात ते येथे दिसते. गावातली तरुण माणसे बाहेर गेली की प्रवासी घटतात. प्रवासी घटले की भारमान कमी पडून दोनांची एक फेरी होते. फेरी कमी झाली की ज्यांना शक्य आहे ते मोटरसायकल घेतात, आणि ज्यांची मुले आठवीच्या पुढे शिकायची आहेत ती कुटुंबे तालुक्याला खोली करतात. मग भारमान आणखी घटते. गाडीत उरतात विद्यार्थी, स्त्रिया आणि वृद्ध. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतोच, आणि या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. सवलतींनी गाड्या भरल्या हे खरे, पण ज्या गावाची फेरी आधीच बंद झाली आहे तेथे अर्ध्या तिकिटाचा उपयोग शून्य. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात तर एसटीवर अवलंबून असलेल्या गावांचे उरलेसुरले प्रवासीही इतर वाहनांकडे वळले.

रेल्वेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्थानकाचे अंतर पाहताना तेथे कोणती गाडी थांबते हेही पाहावे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तिने मुंबईची वाट सोपी केली, पण तिच्या बहुतेक एक्स्प्रेस छोट्या स्थानकांवर थांबत नाहीत आणि घाटाकडच्या गावांपासून स्थानकच वीस-पंचवीस किलोमीटर असते.

जेथे माणसे विरळ आहेत

लोकसंख्येची घनता आणि रस्त्याचा खर्च यांचे नाते गडचिरोलीत स्पष्ट होते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ ची लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५ होती. तेवढ्याच माणसांना जोडण्यासाठी येथे राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पट लांब रस्ता लागतो, आणि तो जंगलातून व नद्यांवरून न्यावा लागतो. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याच्या ठिकाणासह शंभरावर गावांचा संपर्क तुटतो आणि हे एका पावसाळ्यात अनेकदा घडत आले आहे. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडापर्यंत पहिल्यांदा एसटी सुरू झाली. ‘दर माणशी खर्च’ हा निकष लावला असता तर अशा गावांची पाळी कधीच आली नसती. म्हणूनच आदिवासी भागांसाठी मर्यादा खाली आणलेल्या असतात: रस्त्यासाठी ५०० ऐवजी २५०, आरोग्य उपकेंद्रासाठी ५,००० ऐवजी ३,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ३०,००० ऐवजी २०,००० लोकसंख्या.

ग्रामपंचायतीची सदस्यसंख्याही लोकसंख्येवरच ठरते. १,५०० पर्यंत सात आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ७,५०० च्या वर सतरा. या सगळ्या निकषांना आजवर २०११ चेच आकडे पुरवले जात आहेत, कारण २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली ती होऊच शकली नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेचे संदर्भक्षण १ मार्च २०२७ चे आहे, फक्त लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडमधल्या बर्फाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ चे. म्हणजे महाराष्ट्रात गणना पुन्हा फेब्रुवारीतच होणार, ऊसतोड कुटुंबे पुन्हा फडावरच असणार. तसेच गावांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी जशा होत्या तशाच धरल्या जाणार असल्याने, एखादी वाडी किंवा तांडा त्या तारखेपर्यंत स्वतंत्र महसुली गाव म्हणून अधिसूचित झाला नसेल, तर त्याची माणसे, त्याची बस आणि त्याचा रस्ता मूळ गावाच्याच ओळीत नोंदवले जातील, आणि ती ओळ पुढच्या जनगणनेपर्यंत चालेल.